धोंड्याच्या महिन्यातली पट्टी

आमच्या ढाणकी गावात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लागलेल्या कुठल्याही लग्नाची कॅसेट लावा. एक माणूस त्यात कधीच दिसत नाही, पण ऐकू मात्र येतो. भटजी मंगलाष्टक ओढूनताणून संपवत असतात, पोट्टे अक्षता एकमेकांच्या डोक्यात हाणत असतात, आणि मधूनच अगदी कानाशी एक जाड, खर्जातला आवाज येतो, "नवरीबाई, मान वर करा. लग्न जमिनीसंगं नाही लागून राह्यलं." नवरी दचकून वर पाहते आणि हसते. अख्ख्या कॅसेटमध्ये तिचं खरं हसू बहुतेक तेवढंच असतं. तो आवाज जवाईबापूंचा.

आता जवाईबापू म्हणजे माझ्या घरचे जावई नव्हेत. ते सगळ्या ढाणकीचे जावई. वणीहून एका वरातीबरोबर शूटिंगला म्हणून आले, खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेऊन, आणि त्याच मांडवात कांताआक्काच्या वडिलांच्या नजरेत भरले. कांताआक्का एकुलती एक, आणि बाजारात वडिलांचा दुकानाचा एक गाळा रिकामा. पुढच्या लगीनसराईत कॅमेरा तिपाईवर लावून जवाईबापू स्वतःच बोहल्यावर उभे होते. मग ते इथलेच झाले, आणि आपल्याकडे घरजावई झालेल्या माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं. नाव गेलं. पोरंसोरं, म्हातारे, बँकेतला शिपाई, सगळे जवाईबापूच म्हणत.

गावाच्या जावयाला एक मोठी सोय असते. त्याला कोणी नाही म्हणत नाही आणि त्याला कोणी बोलत नाही. त्याने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर घरची बाई मान खाली घालून मीठ आणते. जवाईबापूंनी या सोयीचा इतका फायदा घेतला की बस. कोणाच्याही ओट्यावर बसून "चहा ठेवा बापा, पाहुणा आला" म्हणायचं, आणि चहा आला की "दूध संपलं का घरातलं?" असं विचारायचं. मी तसा तापट माणूस. दुसरा कोणी असता तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. पण जावयापुढे काय करता.

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ एकाच गाळ्याचे दोन भाग. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही अशी पातळ की तिकडे ते शिंकले की इकडे माझे कागद हलायचे. गावच्या नात्याने मी त्यांचा साळा, म्हणून ते मला "साळेबुवा" म्हणत. मी माझ्या जागी कितीही कामात असलो तरी भिंतीवर टकटक व्हायची. "साळेबुवा, अथी या जरा. पाह्यजा, कोण दिसून राह्यलं." गेलो की पडद्यावर कोणाचं तरी जुनं लग्न चालू असायचं, आणि चित्र थांबवलेलं असायचं एखाद्या म्हातारीवर. पंगतीच्या कडेला, डोक्यावर पदर, हातात नातवाची चप्पल.

ही त्यांची खोडच होती. शूटिंग करताना नवरा-नवरीला सोडून कॅमेरा मांडवाच्या कडेला भटकायचा. एकदा नवऱ्याच्या बापाने तक्रार केली, पैसे आम्ही दिले आणि म्हाताऱ्या कोणाच्या काढल्या म्हणून. जवाईबापू म्हणाले, "नवरा-नवरी काय, घरी रोजच दिसतीन. हे म्हातारे कायले थांबतीन तुमच्यासाठी?" तेव्हा तो माणूस रागावला. चार-पाच वर्षांनी तोच आला आणि कडेला बसलेल्या आपल्या आईचा फोटो त्या कॅसेटमधून काढून मागू लागला, कारण तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. असे पुष्कळ लोक येत. जवाईबापू कधी "मी म्हणलं होतं" असं म्हणाले नाहीत. चहा मागवायचे, तोही त्या माणसाच्या खर्चाने.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय जवाईबापू पुरे होत नाहीत. माझी मोठी बहीण मंदा. तिचं लग्न जवाईबापूंनीच शूट केलं होतं. मंदाला पुसदला दिली. पल्लवी दोन वर्षांची असताना मंदा तापाने गेली. त्या दिवसानंतर आईने लग्नाची कॅसेट लोखंडी पेटीत कपड्यांखाली घातली आणि कुलूप लावलं. पुढे घरातला व्हीसीआर भंगारात गेला. कॅसेट मात्र कोणाला दिली नाही, लावू दिली नाही. आम्हीही विषय काढला नाही.

पल्लवी मोठी झाली. तिच्या आईचे फोटो तिच्याकडे होते, लग्नातले आणि बारशातले. पण फोन नव्हते त्या काळात, आवाज कुठेच नव्हता. पोट्टी मामाच्या गावाला आली की माझ्या दुकानात बसायची आणि कागद मोजता मोजता विचारायची, "मामा, आई कशी बोलायची?" मी म्हणायचो, तुझ्यासारखीच. ती म्हणायची, "सगळे हेच म्हणतात. मला माझा आवाज माहीत आहे, तिचा सांगा." आता आवाज कसा सांगायचा? बारीक होता म्हणू, की गोड होता म्हणू? मला सख्ख्या बहिणीचा आवाज आठवायचा, पण सांगता यायचा नाही. मी उगाच ओरडायचो, "कागद चुकतील माझे, गप बस." ती पुन्हा कागद मोजू लागायची.

तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने आजीला एकच गोष्ट मागितली. दागिना नको, भांडं नको, ती कॅसेट. त्यात मंदाने उखाणा घेतलेला होता हे सगळ्यांना माहीत होतं. आईने दोन दिवस विचार केला, मग पेटी उघडली आणि कॅसेट माझ्या हातात दिली. "जवाईबापूले दे. त्याहीलेच दे. दुसऱ्या कोनाले नको," एवढंच म्हणाली.

जवाईबापूंनी कॅसेट उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. फितीवर पांढरी बुरशी चढली होती. म्हणाले, "साळेबुवा, ही साफ करीन मी. पण ही एकदाच चालन. दुसऱ्यांदा चालवली तं तुकडे होतीन. एका फेरीत लॅपटॉपमंदी घ्या लागते." आणि मग त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं.

तो लॅपटॉप म्हणजे एक प्रकरण होतं. त्यांच्या पुण्याच्या मुलाने नवा घेतला तेव्हा जुना बापाला दिलेला. झाकणाचा सांधा तुटलेला, तो विटेला टेकवून उभा. बटण दाबून जवाईबापू बाजारात फेरफटका मारून यायचे, तरी तो सुरू व्हायच्या विचारातच असायचा. व्हीसीआरवरून कॅसेट आत घेताना मध्येच अडकायचा आणि तेवढं लग्न गळायचं. कोणाचे सात फेरे पाचच व्हायचे. दुसऱ्या कॅसेटना चालायचं, पुन्हा लावता यायच्या. मंदाची पुन्हा लागणार नव्हती.

मुलगा म्हणाला, डिस्क काढून टाका बाबा, नवी मोठी एसएसडी टाका, ती फार वेगाने चालते. जवाईबापू ऐकेनात. "डिस्कमंदी साऱ्या गावचे लग्नं हायेत. एकीतून उचलून दुसरीत नेता नेता एखादं सांडलं तं?" मग त्यांना कुठल्याशा व्हिडिओत कळलं की त्यांच्या लॅपटॉपच्या पोटात एक छोटी रिकामी जागा आहे आणि तिथे बोटाएवढी एसएसडी बसते. जुनी डिस्क तशीच ठेवायची, आणि नेहमी लागतं ते सगळं या छोट्या पट्टीतून चालवायचं. याला कॅश म्हणतात, असं त्यांनी मला भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं. मला वाटलं रोख पैसे. ते भिंत ओलांडून आले. "अहो, मीठ पाहिजे तं कोनी कोठीत जाते काय? चुलीपाशी डबा राह्यते. डिस्क म्हनजे कोठी. हा म्हनजे मिठाचा डबा." मला लगेच कळलं. खरं म्हणजे त्यांचं सगळंच लगेच कळायचं, हाच मोठा धोका होता.

तो अधिक महिना होता. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला घालतात, वाण देतात, जाळीदार अनारसे देतात. कांताआक्काची आई जाऊन वर्षं झाली होती, म्हणून माझी आई गावची सासू या नात्याने त्यांना दर धोंड्याला बोलवायची. या वेळी मी विचारायला गेलो तर म्हणाले, "अनारसे तं खाईनच. पन वाण म्हनून मले ते पट्टी द्या." जावयाने तोंडाने मागितलं, मग काय. मी यवतमाळहून मागवून घेतली.

आईने ताटात अनारसे रचले, दिवा लावला आणि मध्ये ती हिरवी पट्टी ठेवली. चांदीची वस्तू द्यायची तिथे हे काय, असा तिचा चेहरा. तरी तिने रीतीने हळदीकुंकू बोटावर घेतलं. जवाईबापू पाटावरून अर्धे उठले. "आई, तिले नका लावू. ते बिघडन." आई म्हणाली, "मंग कोनाले लावू?" शेवटी कुंकू पट्टीच्या खोक्याला लागलं. आम्ही सगळे खूप हसलो. पल्लवीही होती. तो आमच्या घरातला त्या वर्षीचा शेवटचा मोकळा दिवस होता, असं आता वाटतं.

पट्टी बसवताना त्यांनी मला शेजारी बसवलं. चार छोटे स्क्रू, एक खाच, आणि पट्टी आत. मग पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. दोन पर्याय होते. एकात जे येईल ते पट्टीबरोबर डिस्कमध्येही लगेच लिहिलं जाणार होतं, वेग थोडा कमी. दुसऱ्यात आधी पट्टीत ठेवायचं आणि मग सवडीने डिस्कमध्ये पाठवायचं, वेग पुरेपूर. त्याला मॅक्झिमम असं नाव होतं. मी म्हटलं, कोणता घेता? ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "जवायाले अर्धं वाढता काय तुम्ही?" आणि मॅक्झिममवर टिचकी मारली. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. ते चपला घालून बाजाराच्या फेरीला निघाले होते, तर उंबऱ्यातच होते आणि लॅपटॉप सुरू झाला. ते तिथेच उभे राहून त्याच्याकडे बघत राहिले. म्हातारा बैल एकाएकी पळत सुटावा तसं झालं होतं. त्या दिवसापासून पट्टीचं नाव "नवा गोऱ्हा" पडलं.

मंदाच्या कॅसेटवर ते कितीतरी दिवस बसले. कापूस, स्पिरिट, हातात मोजे, आणि फीत वीतवीत पुसायची. मला आत येऊ देत नव्हते, बुरशी उडते म्हणून. काम संपलं तो पोळ्याचा आदला दिवस होता. गावात लोक बैलांचे खांदे शेकत होते, माझ्याकडे पीकविम्याच्या कागदांची ही रांग लागली होती. भिंतीपलीकडून सनई ऐकू येऊ लागली. मला कळलं की चालू झालं. मी कागद देत होतो, घेत होतो, हात चालले होते. सनई थांबली, बायकांचा गलका झाला, आणि मग एक हसणं ऐकू आलं. मंदाचं. शब्द कळले नाहीत, नुसतं हसणं. माझ्या हातातला कोणाचा तरी सातबारा खाली पडला. समोरचा माणूस म्हणाला, काय झालं भाऊ? मी म्हटलं, काही नाही.

थोड्या वेळाने जवाईबापू बाहेर आले. डोळे लाल, मिशीत हसू. "आली साळेबुवा. आवाज साफ आला. फीत शेवटी तुटलीच, पन सारं आत आल्यावर तुटली." मी म्हटलं, दाखवा. मग म्हटलं, नको, उद्या पल्लवी येते आहे, तिच्याबरोबरच पाहू. आईलाही बोलवू. ते म्हणाले, "हाव. पहिले पोरीनं ऐकाव." यात आमचं कोणाचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तेच तर अवघड आहे.

जवाईबापूंचा पोळा गावात प्रसिद्ध होता. त्यांच्याकडे शेत नाही, बैल नाहीत. ते आपल्या यंत्रांचा पोळा करायचे. त्या दिवशी सगळी यंत्रं सोडायची, पुसायची, पाटावर मांडायची, कॅमेरा, लाइट, व्हीसीआर, तिपाईसुद्धा. झेंडूचं एकेक फूल. पुरणपोळी दाखवायची. "वर्षभर ओढते बिचारे, एक दिवस खांदा मोकळा पाहिजे," असं म्हणायचे. आणि त्या दिवशी काही झालं तरी कोणाला जुंपायचं नाही. लोक हसायचे, पण प्रसाद खायला जायचे. त्या वर्षी पाटावर मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी नवा गोऱ्हा होता. सकाळी उठून त्यांनी लॅपटॉप उघडून चार स्क्रू काढले होते आणि पट्टी बाहेर घेऊन झेंडूवर ठेवली होती. पहिलाच पोळा ना त्याचा.

पल्लवी दुपारी एसटीतून उतरली ती थेट स्टुडिओतच आली. बॅगसुद्धा खांद्यावरच. "जवाईबापू, लावा ना." ते म्हणाले, संध्याकाळी लावू पोरी, आज पोळा. ती नुसती उभी राहिली. तिच्या तोंडाकडे पाहून मलाच राहवेना. त्यांनाही राहवलं नाही. पण पट्टीला हात लावायला ते तयार नव्हते, पूजा झालेली होती, पोळा फुटायचा होता. म्हणाले, "नव्याले आज जुपत नाही. जुना बैल एकलाच ओढन, हळूहळू. डिस्कमंदी तं सारंच हाय." आणि लॅपटॉप पट्टीशिवाय सुरू केला.

काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. डिस्क तपासायची का, दुरुस्त करायची का, असं काहीसं विचारत होता. त्यांनी वाचलं, मीही वाचलं. दुरुस्त करतो म्हणतोय तर करू दे, कोण नाही म्हणेल? त्यांनी बटण दाबलं. आकडे सरकू लागले. बाहेर वाजंत्री लागली, बैल तोरणाखाली उभे राहिले, पोळ्याच्या गाण्यांच्या झडत्या सुरू झाल्या. आम्ही तिघं त्या आकड्यांकडे बघत बसलो. मी बोलावून आणलेली आई दाराशी खुर्चीवर बसली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, तयारीत.

लॅपटॉप सुरू झाला. आदल्या दिवशीचा फोल्डर उघडला. आत काही नव्हतं.

जवाईबापूंनी तो बंद करून पुन्हा उघडला. पाटावरून पट्टी उचलली, झेंडूची पाकळी झटकली, आत बसवली, लॅपटॉप पुन्हा लावला. काही नाही. पल्लवीने विचारलं, "काय झालं?"  मी प्लायवूडच्या भिंतीला हात लावून उभा होतो. काल ते हसणं याच भिंतीतून आलं होतं, आणि आज सगळ्या जगात ते कुठेच नव्हतं. मला कोणावर तरी ओरडायचं होतं. कोणावर ओरडणार?

नांदेडला बिघडलेल्या डिस्कमधून वस्तू काढून देणारा एक माणूस होता. त्याने दोन वाक्यांत समजावलं. तुमचं ताजं काम पट्टीतच होतं, डिस्कमध्ये पुरतं उतरलं नव्हतं. त्याआधीच तुम्ही पट्टी काढली आणि डिस्कला दुरुस्त करायला लावली, तेव्हा डिस्कने अर्धवट होतं ते पुसून टाकलं. जवाईबापू ऐकत होते. म्हणाले, "म्हनजे मीठ कोठीत टाकलंच नव्हतं. मी डबाच उचलून नेला." त्या माणसाला काही कळलं नाही. डिस्क ठेवून आम्ही परत आलो. येताना पूर्ण वाटभर ते खिडकीबाहेर बघत होते, आणि मी त्यांच्याकडे.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. जवाईबापू आमच्या घरी येऊन ओट्यावर बसायचे. चहा मागत नसत. आई आपणहून आणून द्यायची, दुधाचा, साखर जास्तीची. एक दिवस त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आई, दोन शब्द बोला ना मले. शिव्या द्या. काहून असं करून राह्यल्या?" आई म्हणाली, "जवायाले बोलत नाही बापू." ते म्हणाले, "पोरगा समजून बोला."  आई पदराने कप पुसून आत घेऊन गेली. आणि खरं सांगतो, तिच्या मनात रागही नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्यांना सुटल्यासारखं झालं असतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढा तापट माणूस, माझ्या तोंडूनही शब्द फुटला नाही. गावभर तेच. ज्या सोयीवर त्यांनी तीस वर्षं चहा उकळला, तिनेच त्यांना आवळून धरलं. माणूस वाळत गेला.

नांदेडचा फोन दिवाळीनंतर आला. थोडं मिळालं होतं. जवाईबापूंच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चित्र वेगळ्या फाइलीत आणि आवाज वेगळ्या फाइलीत पडायचा. चित्राचा तुकडा निघाला, आणि नशिबाने उखाण्याचाच. आवाजाची फाइल गेली ती गेली.

पल्लवीच्या हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे स्टुडिओत बसलो. पडद्यावर मंदा आली. हिरवा शालू, मुंडावळ्या, नाकात नथ सरकलेली. पल्लवीने तोंडावर हात ठेवला. मंदाचे ओठ हलू लागले आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मला वाटलं उठून निघून जावं. इतकं जवळ, आणि काहीच करता येत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. जवाईबापू लॅपटॉपच्या मागे उभे होते, कॅमेऱ्यामागे उभे राहायचे तसेच. चित्र त्यांना दिसतही नव्हतं, पण पाठ होतं. म्हणाले, "पोरी, पुन्हा लावतो. ध्यान देजो." चित्र पहिल्यापासून लावलं, आणि मंदाचे ओठ उघडले त्याच क्षणी त्या खर्जातल्या आवाजात ते बोलले, "ढाणकीच्या बाजारात हळदीची रास, सुधाकररावांचं नाव घेते..." मंदा थांबली, तेही थांबले. मंदा विसरली होती. तिने गोंधळून कॅमेऱ्याकडे पाहिलं. जवाईबापू म्हणाले, "अथी मी मागून म्हनलं, भाऊजीसाठी खास." मंदा त्यांनाच भाऊजी म्हणायची. पडद्यावर मंदा हसत सुटली, तेच हसणं, जे मी भिंतीतून ऐकलं होतं. तिने बोट उगारून त्यांना दटावलं, आणि जवाईबापू तिचं वाक्य बोलले, "तुमच्यासाठी नाही भाऊजी, आईसाठी खास." शब्द ओठांवर असे बसले की केसाचं अंतर राहिलं नाही. आई भिंतीला टेकून रडत होती. साठी ओलांडलेला, मिशाळ माणूस माझ्या बहिणीच्या तोंडून बोलत होता, आणि कोणालाही हसू आलं नाही.

पल्लवी म्हणाली, "पुन्हा." त्यांनी पुन्हा केलं. ती पुन्हा म्हणाली. शेवटी त्यांचा आवाज बसला. म्हणाले, "पोरी, शब्द सांगतो मी. आवाज कुठून आनू?" पल्लवी त्यांच्या पाया पडली. ते मागे सरकले, जावयाने पाया पडून घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

लग्न त्यांनीच शूट केलं, पण या वेळी कॅमेऱ्यामागून एक शब्दही बोलले नाहीत. पल्लवीने नाव घेताना माइक तिच्या ओठांना लागेल इतका जवळ धरला होता. त्याच्या प्रती करून त्यांनी घरोघर दिल्या, आमच्याकडे, सासरी, पुण्याला मुलाकडे. "एका जागी ठेवत नसते," एवढंच म्हणायचे. मग उन्हाळ्यात एका सकाळी स्टुडिओचं शटर उघडलं नाही. झोपेतच गेले. कांताआक्काला मुलगा पुण्याला घेऊन गेला. लॅपटॉप माझ्याकडे ठेवला, विटेसकट. पट्टी आतच आहे, तिला आता कोणी काढत नाही.

ढाणकीतल्या प्रत्येक घरात त्यांचा आवाज आहे. मान वर करा, जरा सरका, अक्षता डोळ्यात मारू नका. आमच्याच घरात नाही. त्या दिवशी स्टुडिओत आम्ही एवढी माणसं होतो, प्रत्येकाच्या हातात फोन होता, आणि ते मंदाच्या ओठांवर बोलत होते ते धरून ठेवायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. सगळ्यांचे हात डोळ्यांना लागलेले होते.

या पोळ्याला पल्लवी आली, कडेवर लेक घेऊन. म्हणाली, "मामा, आईला लावा. आता तुम्ही म्हणा." मी नाही नाही म्हणत लावलं. मंदाचे ओठ हलले आणि मी म्हणू लागलो, ढाणकीच्या बाजारात. पहिल्याच शब्दाला ती पुढे गेली आणि मी मागे राहिलो. पुन्हा लावलं, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी घाईघाईने नावापर्यंत पोहोचलो आणि तसाच पुढे जाणार होतो, तर आई खुर्चीतून म्हणाली, "थांब. अथी जवाई बोलते."

मी थांबलो. पडद्यावर मंदाने वर पाहिलं, वाट पाहिली आणि हसली.